गाळ दाखवा म्हणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मोशीला राहता. आई दर एकादशीला आळंदीला जाऊन इंद्रायणीत स्नान करते. गेली काही वर्षं बंधाऱ्याखाली नदीवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना दिसतात. कारखानदार म्हणतात हा घरोघरचा साबण, गावकरी म्हणतात एमआयडीसीचं केमिकल. खरं काय? एवढे प्रकल्प बांधूनही नदी सुधारत का नाही? आणि आईला पाण्यात उतरू द्यावं का?

मी अठ्ठावीस वर्षं भोसरी, तळवडे आणि चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत सांडपाणी प्रक्रियेचं काम करतोय. प्लांट उभे केलेत, चालवलेत, बंद पडलेले पुन्हा सुरू केलेत. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी आईंचं. उतरू देऊ नका. फेस असेल तेव्हा तर नाहीच, फेस नसेल तेव्हाही नाही. स्नानासाठी योग्य पाण्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कसोटी अशी आहे: बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात त्याचं माप) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या वर आणि विष्ठेतून येणारे जंतू १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २,५००. ज्या पाण्यात मैलापाण्याचे नाले थेट मिसळतात, ते या कसोटीला उतरणार नाही. त्यांनी स्नान घरी करून निघावं, घाटावर बसावं, नदीला नमस्कार करावा. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण मी स्वतः देहूच्या डोहात पोहायला शिकलो आणि तहान लागली की तेच पाणी ओंजळीने प्यायलो. पण आज माझ्या आईला मी हेच सांगतो.

आता फेस. फेस होण्यासाठी पाण्यात पृष्ठताण कमी करणारं द्रव्य लागतं, म्हणजे साबण, डिटर्जंट. शिवाय ते पाणी उंचावरून आपटून त्यात हवा मिसळावी लागते. म्हणूनच तो बंधाऱ्याखाली दिसतो. आळंदीला दिसतो, तसाच पवनेवर थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यालाही दिसतो. यातलं बरंचसं डिटर्जंट घरांतून येतं, एवढं कारखानदारांचं म्हणणं खरं आहे. पण लोखंडी पार्टवरचं तेल काढायला जे डिग्रीझर वापरतात त्यातही त्याच जातीची द्रव्यं असतात, आणि ड्रम धुणाऱ्या, भंगारातलं प्लास्टिक धुणाऱ्या शेडमधूनही तीच येतात. बंधाऱ्याखालच्या फेसाकडे बघून कोणाचा वाटा किती हे कोणीही सांगू शकत नाही. मीही नाही.

मला जास्त काळजी न दिसणाऱ्या गोष्टीची आहे. क्रोमियम फेसाळत नाही. निकेल, जस्त, सायनाइड फेसाळत नाहीत. फेस दिसला की बातमी होते, कॅमेरे येतात. दोन दिवसांनी वरच्या धरणातून पाणी सुटतं, फेस विरतो आणि सगळे शांत होतात. धातू मात्र गाळाला चिकटून तळाशी बसलेला असतो. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला मिळते आणि सगळं पाणी उजनीत जाऊन साचतं. उजनीतून सोलापूर पाणी पितं, आणि उजनीच्या खाली पंढरपूर आहे. आळंदीत स्नान करणारा वारकरी चंद्रभागेतही उतरतो.

घरचं की कारखान्याचं, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी असाच विचारला जातो आणि त्यावर दोन्ही बाजू वर्षानुवर्षं भांडत बसतात. आकारमानाने बघितलं तर घरचं मैलापाणी कित्येक पटींनी जास्त आहे, यात वाद नाही. पण पुण्यात ही दोन पाणी वेगवेगळी वाहतच नाहीत. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं १९५४ साली. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये, आणि पुढच्या काही वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीला गाड्यांचे मोठे कारखाने आले. पिंपरी-चिंचवड महापालिका झाली १९८२ साली. तळवडे, चिखली, मोशी ही गावं महापालिकेत आली ती थेट १९९७ मध्ये. म्हणजे कारखाना आधी, ड्रेनेजलाइन नंतर. मधल्या काळात मोठ्या कारखान्याला पार्ट पुरवणारे छोटे गाळे जिथे जागा मिळेल तिथे उभे राहिले. त्यांचं पाणी जवळच्या ओढ्यात जाऊ लागलं. पुढे त्याच ओढ्याकाठी चाळी झाल्या, मग सोसायट्या झाल्या, त्यांचंही पाणी तिथेच गेलं. ओढ्याचा नाला झाला. आज त्या नाल्यात टॉयलेटचं पाणी आणि प्लेटिंगचं, म्हणजे पार्टवर धातूचा मुलामा चढवतानाचं, पाणी एकत्र वाहतं. कुदळवाडीचा नाला तुमच्यापासून लांब नाही, एकदा पुलावर उभं राहून बघा.

नदीत मुळात पाणी किती राहतं, तेही लक्षात घ्या. पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून शहरासाठी उचललं जातं. मुठेचं खडकवासल्यातच अडतं. इंद्रायणीवर निघोजे बंधाऱ्यापाशी उपसा आहे. पाऊस संपला की या ठिकाणांच्या खाली नदीत स्वच्छ पाणी जवळजवळ उरत नाही, आणि आपण जिला नदी म्हणतो ते नाल्यांचं एकत्र आलेलं पाणी असतं. कारखान्यांसाठीचा सर्वसाधारण नियम सांगतो की प्रक्रिया केलेलं पाणी बीओडी ३० पर्यंत असलं तर नदीत सोडायला चालेल. तो आकडा ठरवताना ते पाणी पातळ करायला नदीत भरपूर प्रवाह असेल हे गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे तो प्रवाहच नसतो. सगळे नियमात असले तरी स्नानाचा ३ हा आकडा गाठता येणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मीटिंगमध्येही मी हे अनेकदा बोललोय.

आता दोन पाणी एकत्र झाल्याने काय होतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मैलाशुद्धीकरण केंद्रातून मला सोमवारी सकाळी फोन आला. गेलो. अशा केंद्रात हवेच्या टाकीत जिवाणू पाळलेले असतात, तेच मैला खातात. त्यांची तब्येत बघायची साधी रीत आहे: त्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. सगळं ठीक असेल तर तपकिरी गाळ दाट होऊन खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं, आणि वास ओल्या मातीसारखा येतो. त्या दिवशी अर्ध्या तासानंतरही काही खाली बसलं नव्हतं. पात्रभर राखाडी, गढूळ पाणी. वासाला आंबूस. टाकीवर पांढऱ्या फेसाची साय. जिवाणू मेले होते.

तिथल्या ऑपरेटरने, वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेला माणूस, मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, शनिवारी रात्री येतंय. दर पंधरा दिवसांनी." त्या हिशोबाने पुढची पाळी येणार त्या शनिवारी आम्ही दोघं पीएच पेपरची गुंडाळी (पाणी किती आम्ल ते रंगावरून दाखवणारा कागद; सात म्हणजे मधलं, आकडा जितका खाली तितकं आम्ल) घेऊन लाइनवरचं एकेक चेंबर उघडत वरच्या बाजूला निघालो. घरगुती मैलापाण्यात पट्टी पिवळसर-हिरवी होते, सात-साडेसात. दीड वाजता एका वळणावरच्या चेंबरमध्ये पट्टी बुडवली आणि ती लाल झाली. दोन. त्याच्या वरचं चेंबर पुन्हा सात. म्हणजे मधल्या गल्लीतून. गल्लीत चार गाळे होते, त्यातल्या एकाच्या मागच्या पाइपमधून वाफाळतं पाणी येत होतं. लोखंडाचा गंज काढायचं वापरून संपलेलं अ‍ॅसिड, टाकीच्या टाकी.

मालक चाळिशीतला. घाबरला होता, पण खोटं बोलला नाही. म्हणाला, "हे अ‍ॅसिड उचलायला टँकरवाला जे मागतो, तेवढे पैसे मला महिन्याच्या जॉबमध्ये सुटत नाहीत." त्याच्या एका टाकीने जी हवेची टाकी मेली, ती पुन्हा उभी राहायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस हजारो घरांचा मैला अर्धामुर्धा प्रक्रिया होऊन नदीत गेला. आता त्या मैल्याची जबाबदारी घरांवर टाकायची की कारखान्यावर?

क्रोमचं गणितही सांगून ठेवतो, कारण "आमचं पाणी ते कितीसं" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. हार्ड क्रोमच्या, म्हणजे पार्टवर क्रोमचा कठीण थर चढवायच्या, टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड असतं. पार्ट टाकीतून वर काढला की त्याला चिकटून थोडं द्रावण बाहेर येतं, जमिनीवर ठिबकतं, धुण्याच्या टाकीत जातं. असं समजा की दिवसभरात एकच लिटर बाहेर गेलं. त्यात सुमारे १३० ग्रॅम षट्संयुजी क्रोमियम असतं, तेच कर्करोगकारक क्रोमियम. त्याची सोडायची मर्यादा आहे लिटरला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे ते एक लिटर नुसतं पातळ करून मर्यादेत आणायचं तर १३ लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे १३० टँकर. एका गाळ्याच्या एका दिवसाच्या एका लिटरसाठी.

आणि यावर उपाय काही अवघड नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागतं. पार्ट वर काढल्यावर टाकीवरच दहा-पंधरा सेकंद निथळू द्यायचा. धुण्याची एक टाकी असेल तिथे तीन ठेवायच्या आणि पाणी पार्टच्या उलट दिशेने फिरवायचं, पाणी कितीतरी कमी लागतं. उरलेल्याचं पीएच दोन-अडीचवर आणून मेटाबायसल्फाइट घालायचं, त्याने षट्संयुजी क्रोमियमचं कमी घातक त्रिसंयुजी होतं. डोळ्यांदेखत पिवळं पाणी हिरवं होतं. मग चुन्याने पीएच साडेआठ-नऊवर न्यायचं की निळसर-हिरवे पुंजके तयार होऊन तळाला बसतात. वरचं पाणी काढायचं, खालचा गाळ फिल्टर प्रेसमधून दाबायचा. सायनाइडचं पाणी मात्र यात चुकूनही मिसळायचं नाही, अ‍ॅसिडमध्ये त्याचा जीवघेणा वायू होतो. त्याची लाइन वेगळी. दहावी शिकलेला मुलगा आठवड्यात हे शिकतो. मी शिकवलेत.

मग होत का नाही? कारण जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याच्या पार्टवर मजुरीने काम करून द्यायचा, दर किलोवर ठरतो, आणि त्या दरात पाण्याचा खर्च कोणी धरलेला नसतो. शेजारचा पाणी नाल्यात सोडून पन्नास पैसे कमी लावतो, काम त्याला जातं. प्रामाणिक माणूस धंद्यातून बाहेर फेकला जातो. मी तीन चांगले प्लेटर असे बंद पडताना पाहिलेत.

मोठ्या कंपनीची यात काय ताकद आहे ते एका उदाहरणावरून कळेल. युरोपने गाड्यांच्या पार्टवरच्या गंजरोधक लेपात षट्संयुजी क्रोम नको असा नियम केला, १ जुलै २००७ पासून. निर्यातीच्या गाड्या बनवणाऱ्यांनी सप्लायरला सांगितलं, सप्लायरने जॉबवर्कवाल्याला सांगितलं. भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये झिंक प्लेटिंगनंतरचं पिवळं पॅसिव्हेशन (जस्ताच्या मुलाम्यावरचा षट्संयुजी क्रोमचा संरक्षक थर) जाऊन त्रिसंयुजी आलं. ज्याने बदललं नाही त्याची ऑर्डर गेली. नोटिसा, धाडी काही लागलं नाही. आजही गिऱ्हाइकाचा क्वालिटीवाला येतो, लेप किती मायक्रॉन आहे मोजतो, सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात, पार्ट किती तास टिकला त्याचा रिपोर्ट मागतो. शेडच्या मागचा पाइप बघायला मात्र तो जात नाही. त्याने फक्त मागे जाऊन बघायचं ठरवलं तर दोन वर्षांत चित्र पालटेल असं माझं ठाम मत आहे.

कायदा कमी नाही. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. चालू स्थितीतली प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा नसेल तर उद्योग चालू देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ ला स्पष्ट सांगितलं. म्हणून आज प्लांट जवळजवळ प्रत्येकाकडे आहे. चालतो किती ठिकाणी, हा प्रश्न आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा मी बसवलेला एक प्लांट वर्षभराने बघायला गेलो, तर टाकीत कबुतरांची घरटी होती आणि भिंतीवर प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र फ्रेम करून लावलं होतं. पैसे मिळाले म्हणून मी समाधानी होतो. त्या दिवसापासून मी पाण्याचा नमुना बघायचं जवळजवळ सोडलं. नमुना एका क्षणाचा असतो, आणि इन्स्पेक्टर येणार हे आधी कळलं तर तो नळाचाही असू शकतो.

मी गाळ विचारतो. धातू नाहीसा होत नाही. तो पाण्यातून काढला असेल तर कुठेतरी गाळाच्या रूपाने असलाच पाहिजे. वर सांगितलेल्या त्या एका लिटरमधून दाबून काढलेला ओला गाळ साधारण किलोभर निघतो. वर्षभर चालणाऱ्या गाळ्याच्या मागे पोती दिसायला हवीत, आणि ती रांजणगावच्या सामायिक घातक कचरा प्रकल्पाकडे गेल्याच्या पावत्या फाइलला हव्यात. मेटाबायसल्फाइट आणि चुना घेतल्याची बिलं हवीत. प्लांटच्या पंपांना वेगळा वीजमीटर असेल तर त्याचं रीडिंग हवं. वर्षाला टनावारी पार्ट प्लेट होतायत आणि गाळ चाळीस किलो, तर उरलेला धातू नाल्यात गेला. एवढं सरळ आहे.

मोठ्या प्रकल्पांबद्दल तुम्ही विचारलंय, त्यावर थोडंच लिहितो. पुण्याच्या जुन्या केंद्रांची क्षमता दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर. जपानच्या कर्जातून आणखी ११ केंद्रं, ३९६ दशलक्ष लिटर, सुमारे ९९० कोटी रुपये, याला मंजुरी मिळाली २०१६ मध्ये आणि भूमिपूजन झालं मार्च २०२२ मध्ये. ही केंद्रं हवीतच, त्यांना विरोध करणाऱ्यांतला मी नाही. पण त्यांच्याकडे येणाऱ्या लाइनमध्ये शनिवारी रात्री अ‍ॅसिड आलं तर नव्या टाकीतले जिवाणूही मरतील. नदीकाठ सुधारणेचं मात्र मला पटत नाही. ४४ किलोमीटर काठ बांधायला ४,७२७ कोटींचा आराखडा होतो, आणि भोसरीच्या छोट्या गाळ्यांसाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची चर्चा मी उमेदवारीच्या काळापासून ऐकतोय. एकट्या गाळेवाल्याला प्लांट परवडत नाही, पन्नास जणांत परवडतो. पैसा आधी तिथे जायला हवा होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली भंगाराची शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. तिथल्या ड्रम धुण्याने नाल्याचं जे व्हायचं ते मी पाहिलंय, त्यामुळे हळहळ वाटली नाही. पण शेड पाडून धंदा संपत नाही. कारखान्यांचे रिकामे ड्रम रोज निघतायत, ते कुठेतरी धुतले जाणारच. ड्रम विकणाऱ्या कंपनीला तो कोणाकडे गेला याचा हिशोब द्यायला लावला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी आपण दुसऱ्या नाल्याचं नाव घेऊ.

आता तुम्ही काय करायचं. नदीचे फोटो काढू नका, नाल्याचे काढा. मोशी ते आळंदी या पट्ट्यात नदीला मिळणारे नाले चालत जाऊन मोजा आणि एका वहीत प्रत्येकाचं पान करा. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात पीएच पेपर स्वस्तात मिळतो. बाटली दोरीला बांधून पुलावरून सोडा, पाण्यात हात घालू नका. तारीख, वेळ, पट्टीचा रंग, पाण्याचा रंग, वास. दिवसा एकदा, रात्री अकरानंतर एकदा. शनिवार-रविवार चुकवू नका. पट्टी चारच्या खाली किंवा दहाच्या वर गेली तर ते घरचं पाणी नाही, हे कोणीही नाकारू शकणार नाही. त्याच वेळी महापालिकेच्या सारथी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर वहीत लिहा, आणि सकाळी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पिंपरी-चिंचवडच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या. तुमचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, त्यासाठी मंडळाने रीतसर घेतलेलाच लागतो. पण त्यांनी कुठल्या नाल्यावर, किती वाजता यायचं हे तुमची वही सांगेल.

त्या नाल्यावरच्या गाळ्यांची संमतीपत्रं आणि ३० जूनपर्यंत भरायची घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं माहिती अधिकारात मागवा. त्यात गाळ किती दाखवलाय ते बघा. पाणी कायद्याच्या कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही थेट न्यायालयात तक्रार करू शकतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. पश्चिम विभागाचं हरित न्यायाधिकरण तर पुण्यातच बसतं.

सुरुवात वळवाच्या पहिल्या पावसापासून करा. वर्षभर साठवून ठेवलेलं बरंच काही त्या रात्री सोडलं जातं, कारण सकाळपर्यंत ते वाहून गेलेलं असतं. त्या रात्री एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा, टॉर्च आणि गमबूट घ्या, आणि पहिली पट्टी पाऊस सुरू झाल्यावर तासाभराच्या आत बुडवा.